‘ओटा’ त्रैमासिकाचा पहिला अंक

माकणीच्या बब्रुवान तात्यांनी त्रैमासिक काढायचं ठरवलं ते एका डोळ्यानं. दुसऱ्या डोळ्यावर पट्टी होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते धाराशिवला तीन दिवस पडून होते आणि दवाखान्याच्या बाकड्यावर कुणीतरी विसरून गेलेला एक जाडजूड अंक त्यांच्या हाताला लागला. डॉक्टरांनी वाचायला मनाई केली होती. पण मनाई झालेला डोळा पट्टीखाली होता आणि उघड्या डोळ्याबद्दल डॉक्टर काहीच बोलले नव्हते, असा तात्यांनी सोयीचा अर्थ लावला.

अंकावर लिहिलं होतं, ‘समकालीन संस्कृती आणि समाज यांचा वेध घेणारे त्रैमासिक’. तात्यांना अक्षरओळख झाली सत्तावन्नाव्या वर्षी. साक्षरता वर्गाला कडूबाई एकटी जायला तयार नव्हती, म्हणून तिनं नवऱ्याला ओढून नेलं. तिचं पाटीवर मन लागलं नाही, यांचं लागलं. त्यामुळं एवढी एक ओळ वाचण्यात अर्धी दुपार गेली. ‘समकालीन’ म्हणजे काय, ते त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला विचारलं. त्याच्याही एका डोळ्यावर पट्टी होती. तो म्हणाला, “आत्ता जे चालू हाय ते.” दोघांत मिळून दोन डोळे होते, तेवढ्यावर त्यांनी पुढचा अंक वाचून काढला.

आत एक लेख होता, ‘ग्रामीण एकाकीपणाचे काही पैलू’. लिहिणारे प्राध्यापक एका गावात आठ दिवस राहून आले होते आणि आठ दिवसांत त्यांना सात पैलू दिसले होते. तात्या विचारात पडले. आपण माकणीत बहात्तर वर्षं राहतो. कडूबाई गेल्यापासूनची दोन वर्षं तर हाच विषय घेऊन बसलोय. आपल्याकडं पैलू किती निघतील.

पण खरं काम केलं शेवटच्या पानानं. तिथं अगदी बारीक अक्षरात, छापखान्याच्या पत्त्याखाली एक ओळ होती: ‘संपादक मंडळाची बैठक दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संपादकांच्या राहत्या घरी होते.’ तात्यांनी ती ओळ तीनदा वाचली. थेंब घालायला आलेल्या नर्सबाई म्हणाल्या, “आजोबा, पाणी ह्या डोळ्याला कसं आलं? हा तर चांगला डोळा आहे ना?”

दर महिन्याला, राहत्या घरी. म्हणजे माणसं येणार, बसणार, आणि येण्याचं कारण छापील असणार.

माकणीत कुणी कुणाच्या ओट्यावर बसत नाही असं नाही. तात्यांच्या ओट्यावर बसत नाहीत. पूर्वी बसायचे. ते कडूबाईच्या चहासाठी आणि तिच्या तोंडासाठी. तिच्या तोंडातून गावातल्या कुणाची सुटका नसे, आणि आपल्याबद्दल ती काय म्हणते हे ऐकायला माणसं आपण होऊन यायची. ती गेली तेव्हा तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं. चौदाव्या दिवसापासून लोक मोटारसायकलवरून जाताना एक हात वर करू लागले. माकणीत हल्ली हात वर करणं ही भेट धरली जाते. ‘तात्याला भेटलास का?’ असं कुणी विचारलं तर ‘व्हय, सकाळीच भेटलो’ म्हणून सांगतात आणि सांगणाऱ्याला ते खोटं वाटत नाही. मागच्या महिन्यात ओट्यावर एकूण तीन माणसं टेकली होती. एक बुटाची नाडी बांधायला, एक एसटीची वाट बघत, आणि तिसरा मोबाईलला तिथं रेंज चांगली येते म्हणून. तिसरा तासभर बोलला. कुणाशी ते तात्यांना कळलं नाही.

पट्टी सुटल्यावर त्यांनी पुण्याला मुलाला, कुलदीपला फोन केला.

“तात्या, मीटिंगमध्ये आहे. डोळा कसाय?”

“बराय. म्या त्रैमासिक काढायलोय.”

“काय काढायलाव?”

“त्रैमासिक. समकालीन संस्कृती अन् समाज.”

पलीकडं कीबोर्डची टकटक ऐकू आली. डोळ्यात घालायच्या औषधाचा डोक्यावर काही परिणाम होतो का, हे मुलगा बहुतेक शोधत असावा.

“त्यापेक्षा व्हॉट्सॲपवर ग्रुप करून देतो की. दोनशे माणसं एका जागी येतील.”

“हाय की म्या गावच्या ग्रुपात. रोज सकाळी दोनशे फुलं येतेत. माणूस एक बी येत न्हाय.”

“बरं, काढा. छपाईचं मी बघतो, पैसे कुठं पाठवायचे तेवढं कळवा. ठेवू?”

तात्यांची वाद घालायची तयारी होती. वाद झाला असता तर पाच मिनिटं तरी गेली असती. परवानगी लगेच मिळाल्यामुळं ती पाच मिनिटं बुडाली.

शेजारचे लिंबाजी एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी बोलताना त्यांचा एक हात वरच्या दांड्याला धरल्यासारखा हवेत असतो. त्यांचा सल्ला दोन घरांमधल्या सामाईक भिंतीवरून येतो. ते या बाजूला येत नाहीत, कारण त्या बाजूला टीव्ही चालू असतो आणि एक कान तिकडं ठेवावा लागतो.

“मंडळात कोन कोन हायत?” लिंबाजींनी विचारलं.

“पाच जण. तू, म्या, अन् आनखी तिघं.”

“ती तिघं कुठल्या गल्लीतली?”

तात्यांनी हा विचार केला नव्हता.

“तात्या, लगीनपत्रिका काढली असती तर पाच नावांवर भागलं असतं का? ही तर छापील गोष्ट. छापील गोष्टीत नाव न्हाय म्हनजे मानूस गावात न्हाय. हणमंतप्पाचं काय झालं ते इसरलाव का?”

हणमंतप्पाचं काय झालं ते माकणीत कुणीच विसरलेलं नाही. पुतण्याच्या लग्नाच्या पत्रिकेत ‘आपले नम्र’ या ठिकाणी भावकीतली बावीस नावं आली आणि हणमंतप्पांचं राहिलं. त्या पुतण्याची मुलगी आता कॉलेजात जाते. हणमंतप्पा अजून त्या घरावरून जाताना तोंड धरणाकडं करतात. धरण त्या बाजूला नाही, पण अपमान झालेल्या माणसाला दिशा कोण विचारणार.

“मंग किती नावं घ्यावी?” तात्यांनी विचारलं.

“पन्नास घ्या. सध्या,” असं म्हणून लिंबाजी आत गेले. मालिका सुरू झाली होती.

नावांच्या आधी नोंदणी होती. धाराशिवला एका कार्यालयात शामलाताई नावाच्या बाई हे काम बघत. स्वभावानं चांगल्या, पण त्यांनी तात्यांचं धोतर आणि पटका बघितला आणि शाईचा पॅड पुढं सरकवला. तात्यांनी तो तसाच मागं सरकवला, खिशातून स्वतःचं पेन काढलं, टोपण उलट्या बाजूला बसवलं आणि सही सुरू केली. बब्रुवान हे नाव आईबापांनी ठेवताना पोराला ते पुढं लिहावं लागेल असं त्यांच्या ध्यानीमनी नसावं. सही पूर्ण होईपर्यंत रांगेतली मागची दोन माणसं खाली बसली.

“आजोबा, इथं अजून एक सही. आणि इथं.” शामलाताईंनी तिन्ही सह्या शेजारी धरून बघितल्या. “ह्या जुळत नाहीत.”

“बाई, पहिली केली तवा हात ताजा हुता.”

मग नाव. पसंतीच्या क्रमानं तीन नावं द्यायची होती, एक नाही मिळालं तर दुसरं. तात्यांनी लिहिलं: ओटा, ओटा, ओटा.

“तीन वेगळी द्या.”

“माझ्याकडं एकच हाय.”

यावर उपाय नव्हता. तात्या परत गावी आले, पुढच्या सोमवारी पुन्हा गेले आणि ‘ओटा’, ‘आमचा ओटा’, ‘माकणीचा ओटा’ अशी तीन नावं देऊन आले. यानंतर त्यांना आणखी दोनदा बोलावण्यात आलं. एकदा फोटोतल्या पटक्यामुळं कपाळ झाकलं म्हणून, आणि एकदा अर्जावर ‘नियतकालिकाचा उद्देश’ या रकान्यात त्यांनी ‘लोकांनी यावं’ असं लिहिलं म्हणून. शामलाताईंनी ते खोडून वर लिहिलं, ‘साहित्यसेवा व समाजप्रबोधन’. तात्यांना ते वाचायला वेळ लागला आणि पटायला त्याहून जास्त. पण शिक्का बसला.

इकडं लिंबाजींनी भिंतीवरून गावाला बातमी दिली होती, आणि एक चमत्कार झाला. माणसं येऊ लागली.

पहिल्यांदा मोटारसायकली थांबायला लागल्या. मग त्यांच्यावरची माणसं उतरायला लागली. तात्यांनी चुलीजवळचा मोठा टोप काढून घासला, चहापूड जास्तीची आणली, सतरंजीवरची दोन वर्षांची धूळ झटकली. प्रत्येकाला ते आधी सांगत, “लेख द्या बरं का. समकालीन पायजे. आत्ता जे चालू हाय ते.”

“लेखाचं बगू,” येणारा म्हणे. “नाव घ्या आधी.”

नाव लिहून होईपर्यंत माणूस बसायचा. तात्या लिहिताना वर बघत नाहीत. शेवटचं अक्षर संपवून मान वर करेपर्यंत माणूस गाडीला किक मारत असायचा. चहा उकळायच्या आधी नाव लिहून होतं, हा दोष तात्यांच्या लक्षात आला, म्हणून त्यांनी आधी चहा आणि मग नाव असा क्रम लावला. त्यावर लोक नाव चिठ्ठीवर लिहून आणू लागले. चिठ्ठी द्यायची, उभ्या उभ्या बशीतून दोन घोट घ्यायचे आणि जायचं.

योगीराज आला तो फोटो घेऊनच आला. तो येत्या ग्रामपंचायतीला उभा राहणार होता. त्याला ‘कार्यकारी संपादक’ व्हायचं होतं.

“लिहिता येतं का तुला?” तात्यांनी विचारलं.

“लिहायचं काय त्यात. फोटो बोलंल. पान भरून टाका, मोबाईल कानाला लावलेला.”

हे पान मिळाल्याचं कळताच विरुद्ध पार्टीनंही एक पान मागितलं. त्यांच्या फोटोत दोन मोबाईल होते.

मग म्हाताऱ्या बायका आल्या. त्यांचं म्हणणं, जिवंतांची नावं कशी घेता, आधी गेलेल्यांची घ्या. पत्रिकेत वरती कैलासवासी मंडळी असतातच. हे बरोबर होतं. तात्यांनी ‘कै.’ची यादी सुरू केली, आणि माकणीत जिवंत माणसांपेक्षा गेलेली माणसं किती जास्त आहेत हे त्यांना चार दिवसांत कळलं. कडूबाईचं नाव त्यांनी त्यातच घातलं. कुणाच्या आधी, कुणाच्या नंतर, असा काही विचार केला नाही. नंतर पुसून जरा खाली घेतलं. घरचंच माणूस वर घातलं असं नको. शेवटी बारकी पोरं राहिली. त्यांच्यासाठी खाली चौकट ठरली: ‘आमच्या तात्याआजोबांचा अंक वाचायचा हं!’ आणि त्यात राजस, जाई, निकिता, प्रेम आणि अजून बोलता न येणारी एकसष्ट नावं.

पहिल्या रविवारी बैठक झाली. सव्वाशे माणूस आलं. नावं कोणत्या क्रमानं घ्यायची हा एकच विषय चार तास चालला. वयानं घ्यावी तर जन्मतारखा शाळेनं लिहिलेल्या, त्या कुणालाच मान्य नव्हत्या. शेवटी मारुतीच्या देवळापासून उजव्या हातानं घरं जशी येतील तशी नावं घ्यायची ठरली. यावर, उजवा हात देवाचा की देवापुढं उभं राहणाऱ्याचा, हा प्रश्न निघाला आणि त्याला पाचवा तास लागला. समकालीन संस्कृती आणि समाज यांचा विषय निघाला नाही. तात्यांनी एक लेख लिहून ठेवला होता. ‘आजकाल कोण कुणाकडं येतं’ असं त्याचं नाव होतं. वहीची दोन पानं, लिहायला महिना लागला होता. ते पान घडी करून खिशात घेऊन बसले होते. कुणी विचारलं असतं तर वाचणार होते.

धाराशिवला बाबूरावांचा छापखाना आहे. वर्षातले आठ महिने ते लग्नपत्रिका छापतात आणि उरलेले चार महिने कुणाचं लग्न मोडलं तर त्याबद्दल हळहळतात. बाबूरावांनी यादी बघितली आणि मोकळेपणानं म्हणाले, “साहित्याचं मला फार कळत नाही, पण हे काम मला येतं.”

बत्तीस पानं होती. चोवीस पानं नावांना गेली. चार पानं फोटोंना, एक पोरांना. मुखपृष्ठ आणि मागचं पान धरून एकतीस झाली. उरलं एक.

“तुमचा लेख दीड पान होतोय,” बाबूराव म्हणाले. “अर्धा कापू?”

तेवढ्यात लिंबाजींचा फोन आला. हणमंतप्पांच्या भावाचं दुसरं घर राहिलं होतं, ते धरणाच्या अंगाला असल्यामुळं मारुतीपासून उजवीकडं येत नव्हतं. तिथली आणि त्या ओळीतल्या अजून सात घरांची मिळून सदतीस नावं होती.

“घ्या ती,” तात्या म्हणाले. त्यांनी लेखाची घडी पुन्हा घातली. “माझं पुढच्या अंकात घेऊ. एक ओळ तेवढी हवी शेवटच्या पानावर. संपादक मंडळाची बैठक पहिल्या रविवारी, दुपारी बारा वाजता, संपादकाच्या राहत्या घरी. तेवढी बसवा.”

“बसवतो की. तारीख, वेळ, ठिकाण, ते तर आमचं नेहमीचंच आहे.”

नमुना वाचायला मिळाला तेव्हा माकणीची गाडी लागली होती. तात्यांनी फक्त आपली ओळ वाचली. ती बरोबर होती. ‘राहत्या घरी’ हे शब्द त्यांनी बोटानं दोनदा चाचपले आणि सही केली. ही सही आधीच्या तिन्हींपेक्षा वेगळी झाली, पण बाबूरावांना ती कशाशी जुळवायची नव्हती.

बाबूरावांच्या संगणकात वेळ आणि ठिकाण टाकलं की त्याखालच्या दोन ओळी आपोआप येतात. त्या काढाव्यात असं आजवर कुठल्याच गिऱ्हाइकानं सांगितलेलं नव्हतं.

तीनशे अंक आले. वर गणपती, दोन्ही बाजूंना नारळ ठेवलेले कलश, मधे जरीच्या रंगात ‘ओटा’. तात्यांना कलश जरा खटकले, पण शोभा आहे म्हणून सोडून दिले. लिंबाजींनी जुन्या सवयीनं एका दुपारी सगळं गाव उरकलं. प्रत्येक घरी अंक उघडला गेला, नाव सापडलं, नावावर बोट ठेवून शेजाऱ्याला दाखवलं गेलं, आणि मग शेवटचं पान वाचलं गेलं. कारण माकणीत छापील कागदाचं शेवटचं पान सगळ्यात आधी कामाचं असतं.

रविवारी सकाळी तात्यांनी अंघोळ करून नवा सदरा घातला. आज पाचसात माणसं आली तरी पुष्कळ, असं त्यांनी स्वतःला बजावून ठेवलं होतं. नावं आता छापून झाली, त्यामुळं येतील ती खरी बैठकीचीच येतील.

साडेअकराला माणसं यायला लागली. टोप्या घातलेली, इस्त्रीचे कपडे, बायका वेगळ्या, पोरं पुढं. पावणेबाराला अंगण भरलं. बारा वाजता माणसं गल्लीत गेली. तात्या ओट्यावर उभे राहून डोकी मोजत होते. तेराव्यालासुद्धा एवढं माणूस आलं नव्हतं. सगळे समोरासमोर दोन दोन रांगा करून खाली बसले. साहित्याच्या बैठकीला असंच बसतात की काय, हे तात्यांना ठाऊक नव्हतं, पण त्यांना ते फार शिस्तीचं वाटलं.

ते खाकरले. खिशातून घडी काढली. “सगळे आलाव, लई बरं वाटलं. अंकात जागा झाली न्हाय, म्हनून म्या लिहिलेलं वाचून दाखवतो. ‘आजकाल कोण कुणाकडं येतं.’” आणि अडीचशे माणसांसमोर ते वाचू लागले की, आजकाल कुणी कुणाकडं येत नाही.

तात्या अक्षर लावून वाचतात. पहिल्या चार ओळींना बराच वेळ गेला. लोकांनी ऐकून घेतलं. पंगतीच्या आधी श्लोक म्हणतात, तसं काहीतरी असावं असं त्यांना वाटलं. पाचव्या ओळीला एका पोरानं विचारलं, “पत्रावळ्या कवा वाढणार?” सहाव्या ओळीला योगीराज स्वयंपाकघरात डोकावून आला. तिथं एक टोप होता आणि त्यात चहाचं आधण होतं.

हणमंतप्पा उठून उभे राहिले. त्यांच्या हातात अंक होता, शेवटच्या पानावर उघडलेला.

“बब्रुवान, हे काय लिवलंय?”

तात्यांनी वाचलं. आपली ओळ त्यांनी ओळखली. तिच्याखाली जाड अक्षरात होतं, ‘भोजन: दुपारी १२ ते आपल्या आगमनापर्यंत’. आणि त्याखाली, ‘कृपया आहेर आणू नये’.

“आप्पा, हे म्या न्हाय...”

“खाली संपादक म्हनून नाव तुझं हाय. पत्रिकेत नाव इसरनारे म्या बघितले. नाव छापून, बोलावून, रांगंत बसवून उपाशी उठवनारा पैल्यांदाच बघायलोय.”

माणसं उठली. कुणी ओरडलं नाही, भांडलं नाही. भांडण झालं असतं तर दोन माणसं समजूत काढायला तरी थांबली असती. जाताना प्रत्येकानं आपल्या हातातला अंक ओट्यावर ठेवला. जेवणाला बोलावून न वाढणाऱ्याची वस्तू घरात ठेवायची नाही, हे कुणी ठरवून सांगावं लागलं नाही. अर्ध्या तासात अंगण रिकामं झालं आणि ओट्यावर गणपती आणि कलशांचा ढीग उरला. आधण आटून गेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मोटारसायकलवरचे हात वर होईनात. लिंबाजींनीही भिंतीवरून बोलणं कमी केलं. त्यांच्या बायकोनं त्या दिवशी घरी स्वयंपाक केला नव्हता. तात्या सकाळी ओट्यावर येऊन बसत, अंकांची चळत सरळ करत आणि रस्त्याकडं बघत. पूर्वी माणूस गेला की निदान हात दिसायचा. आता नुसता आवाज यायचा आणि धूळ. संध्याकाळी ते आपला लेख काढून वाचत. त्यातली पहिली ओळ आता इतकी खरी झाली होती की त्यांना ती लिहिल्याची लाज वाटायला लागली.

दहाव्या दिवशी नीलम्मा आली. शंकरप्पाची बायको, आता सत्तरीची. दोन महिने ती आळंदला लेकीकडं होती, त्यामुळं जे झालं त्यातलं तिला काही माहीत नव्हतं, किंवा माहीत असून तिनं ते बाजूला ठेवलं होतं. ती पायरीवर बसली आणि चळतीतला एक अंक उचलून मांडीवर ठेवला.

“अण्णा, ह्यात गावातली समदी मानसं हायत म्हनं.”

“हायत अक्का.”

“आमचे कुठंयत?”

तात्यांनी चष्मा पुसला. खरं म्हणजे त्यांना यादी पाठ होती, तरी त्यांनी पान उलटून बघितलं. शंकरप्पा त्यात नव्हता. माकणीत लग्न असो, बारसं असो, देवाचा भंडारा असो, आवतण द्यायला चाळीस वर्षं शंकरप्पाच जायचा. दारात उभं राहून घरधन्याचं नाव घेऊन हाक मारायचा आणि जेवायला या म्हणून सांगायचा. गावातलं एकही घर त्याच्या हाकेतून सुटलं नाही. पण त्याला भावकी नव्हती, मुलगी परगावी, बायको तिच्याकडं. चिठ्ठी घेऊन यायला कुणी नव्हतं.

“राह्यलं अक्का,” तात्या म्हणाले. “माझं चुकलं.”

“चुकलं तर लिवा की. पेन हाय न्हवं खिशाला?”

तात्यांनी अंक घेतला. कैलासवासींच्या पानावर बोट शिरायला जागा नव्हती. फक्त वरती, त्याही पानावर छापलेल्या गणपतीच्या पायाशी, पहिल्या नावाच्याही वर, बोटभर पट्टी कोरी होती. तिथं त्यांनी लिहिलं, ‘कै. शंकरप्पा’. जोडाक्षराला जरा वेळ लागला.

“कुठं लिवलं?”

“समद्यात वर. तिथंच जागा हुती.”

नीलम्माला वाचता येत नव्हतं. तिनं त्या ओल्या शाईकडं नीट बघून घेतलं, तोंडानं फुंकर घातली आणि अंक बाजूला ठेवला. मग चळतीतला दुसरा पुढं केला.

“आता ह्यात.”

“ह्यात कशाला? एकात झालं की.”

“एकात लिवलं तर लोक म्हनतील, म्हातारीनं घरी लिवून घेतलं. समद्यात पायजे.”

ओट्यावर दोनशे एकोणतीस अंक होते. तात्यांनी चळतीकडं बघितलं, नीलम्माकडं बघितलं आणि पेनचं टोपण उलट्या बाजूला बसवलं.

पहिल्या दिवशी चौदा झाले. नीलम्मा प्रत्येक अंक पहिल्याशेजारी धरून बघायची. अक्षर कळत नसलं तरी नक्षी तिच्या ध्यानात राहिली होती. “ह्याची शेपटी तोकडी झालीय,” असं म्हणून ती तो परत करायची आणि तात्या शेपटी वाढवून द्यायचे. मधे चहा व्हायचा. चहा पिताना ती कडूबाईचं सांगायची. कडूबाईनं एकदा शंकरप्पाला दारातच सांगितलं होतं की, आवतण देतोस ते बरं, पण आवाज असा काढतोस की जेवायला बोलावतोस की म्हैस हरवली ते कळत नाही. तात्यांना हे माहीत नव्हतं. लग्नाला पन्नास वर्षं होऊनही बायकोचं एखादं वाक्य आपल्याला नवीन असावं, याचं त्यांना फार वाटलं. त्यांनी ते पुन्हा सांगायला लावलं.

दुसऱ्या दिवशी अकरा झाले. तिसऱ्या दिवशी आठ. हात दुखतोय का, असं नीलम्मानं विचारलं नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी भिंतीपलीकडचा टीव्ही बंद झाला आणि लिंबाजी स्वतः या बाजूला आले. बराच वेळ उभे राहून त्यांनी बघितलं. एक हात वरच्या दांड्याला होता.

“तात्या, ह्या गतीनं दिवाळी हुईल. इकडं द्या. मला रोज पाचशे तिकिटं फाडायची सवय हाय. घंट्याभरात उरकून टाकतो.”

तात्यांनी मान वर केली नाही. ते ‘प्पा’वर होते.

“नगं,” ते म्हणाले. “अक्षर एका हातचं असावं.”

नीलम्मानं कोऱ्या अंकांची चळत लिंबाजींच्या हाताजवळून ओढून आपल्या मांडीशी घेतली.